दोन मिनिटांची घंटा

ती घंटा शेफालीनं स्वतः विकत आणली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं जे झालं त्याचं खापर लोक अध्यक्ष खासनिसांच्या डोक्यावर फोडतील, आणि त्यांच्या डोक्यावर फोडायला सोसायटीकडं आधीच पुष्कळ खापरं आहेत. घंटा पितळेची, वाटीएवढी, वर एक बोंड. बोंड दाबलं की टिंग. लॉजच्या काउंटरवर असते ना, तशी. तुळशीबागेत भाव करून आणलेली.

कोथरूडमधली सुहृद सोसायटी तुम्ही पाहिली नसेल, पण तिच्यासारख्या दहा पाहिल्या असतील. तीन मजले, लिफ्ट नाही, तळमजल्यावर अर्ध्या जागेत पार्किंग आणि उरलेल्या अर्ध्यात दोन घरं. सभा व्हायच्या त्या पार्किंगमध्येच, स्कूटर कडेला सरकवून, प्रत्येकानं आपापली खुर्ची आणायची. आणि सभा कसल्या, गुऱ्हाळं. शेवग्याची एक फांदी छाटावी की नाही, यावर एकदा अख्खा रविवार गेला. निर्णय झाला नाही. फांदी पावसाळ्यात आपण होऊन पडली, तीही ज्यांनी छाटायला विरोध केला होता त्यांच्याच गाडीवर.

या गुऱ्हाळाचे मुख्य चालक मच्छिंद्रनाना. सोसायटी उभी आहे ती जमीन मूळची त्यांच्या वडिलांची, त्या बदल्यात पहिल्या मजल्यावर घर मिळालेलं. नाना बोलायला उठले की म्हशीपासून सुरुवात करायचे. म्हशीवरून गोठा, गोठ्यावरून विहीर, विहिरीवरून पानशेतचा पूर. पाण्याच्या टाकीचा विषय असो नाहीतर रंगकामाचा, म्हैस आधी बांधायची आणि मग पुढं. नमनालाच घडाभर तेल. त्यात दुसऱ्या मजल्यावरचे हमीदभाई, शनिवार पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान असलेले, मध्येच तोंड घालून म्हणायचे की नाना, मागच्या वेळी म्हैस काळी होती. की हशा. की अध्यक्ष खासनिसांचा टोमणा. आनंद खासनीस बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा टोमणा इतका कोरडा असायचा की ज्याला लागला त्याला घरी गेल्यावर कळायचं.

शेफाली सेक्रेटरी होती आणि तिला या सगळ्याचा मनापासून वीट आला होता. हिंजवडीत एका कंपनीत ती लोकांना हेच शिकवायची, सभा कशी घ्यावी. मोठ्या पडद्यावर ती गटाला मारक असलेल्या सवयी दाखवायची. विषयांतर, फाटे फोडणं, टोमणे, मध्येच बोलणं. दाखवताना प्रत्येक सवयीखाली तिला सुहृदमधला एकेक चेहरा दिसायचा. दिवसभर हे शिकवायचं, कंपनीच्या बसमध्ये दोन तास अडकून घरी यायचं आणि रविवारी नानांची म्हैस ऐकायची, म्हणजे अतीच झालं. एका सभेत तिनं घंटा टेबलावर ठेवली आणि नियम सांगितला. एकाला दोन मिनिटं. विषय सोडून नाही. मध्ये बोलायचं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नानांनीसुद्धा.

आणि काय सांगता, सोसायटी एकदम सुतासारखी सरळ झाली. सभा तासाच्या आत उरकू लागल्या. नाना उठायचे, म्हैस सोडायचे, टिंग. "नेम म्हंजे नेम," असं म्हणून बसायचे. हमीदभाई ओठ मिटून ठेवायचे. खासनीस एकदा जिन्यात तिला म्हणाले की इतक्या वर्षांत पहिल्यांदा अध्यक्ष असल्यासारखं वाटतंय. शेफाली आठवडाभर तरंगत होती.

म्हणून पुनर्विकासाचं गाडं इतकं भरभर पुढं गेलं. एरवी या विषयात सोसायट्या म्हाताऱ्या होतात. इथं बिल्डर निवडला गेला, नकाशे आले, कोणी हूं की चूं केलं नाही. सुहृद पाडायची, तीन वर्षं सगळ्यांनी भाड्यानं राहायचं, मग अकरा मजल्यांची इमारत, दोन लिफ्ट, वर बाग. विषयपत्रिका शेफालीनं स्वतः लिहिल्या, सुरेख, मुद्देसूद.

एका संध्याकाळी ती तळमजल्यावरच्या आपल्या घरात, स्वयंपाकघरात भाजी चिरत होती आणि तिची आई चहा करत होती. उल्काताईंना काचबिंदूनं दिसेनासं होऊन सहा-सात वर्षं झाली होती. पण चहा त्याच करायच्या. साखरेच्या डब्याला रबर बँड, पत्तीच्या डब्याला काही नाही. कपाटाच्या कडेला हात लागला की डावीकडं न्हाणीघर. कॅलेंडरचा खिळा लागला की दार. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून जन्म काढलेली बाई. डोळे गेल्यावर तिनं हे घर हातांनी पाठ केलं होतं, आणि शेफाली सकाळी सातच्या बसला बिनघोर जाऊ शकायची ती त्या पाठांतराच्या जोरावर.

आधण उकळत असताना उल्काताईंनी सहज विचारलं, "नव्या घरात ओटा कुठल्या हाताला येईल गं?"

शेफालीची सुरी थांबली. नकाशा तिनं पन्नास वेळा पाहिला होता. ओटा उजवीकडं होता, न्हाणीघर दुसऱ्या टोकाला, घर सातव्या मजल्यावर, खिडकीखाली पार्किंग नाही, नुसती हवा. आणि त्याच्या आधी भाड्याची घरं, अकरा महिन्यांनी करार संपला की दुसरं, मग तिसरं. प्रत्येक ठिकाणी आईला खुर्चीत बसवून ठेवावं लागणार. तीन वर्षं. या वयात खुर्चीत बसलेलं माणूस पुन्हा उठत नाही, हे कळायला डॉक्टर कशाला हवा? तिनं उत्तर दिलं नाही. भाजी चिरून झाली, चहा गाळून झाला, तरी दिलं नाही.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. दोन दिवसांनी धीर करून तिनं आईला विचारलं की सभेत हे मांडू का. उल्काताई ताडकन म्हणाल्या, "माझं नाव सभेत निघता कामा नये. आंधळीसाठी लोकांची लिफ्ट अडली, हे मला ऐकायचं नाही."

लोकांची लिफ्ट म्हणजे अमिनाबींची. हमीदभाईंची बायको. त्यांचे गुडघे असे गेले होते की वर्षभर त्या दुसऱ्या मजल्यावरून उतरल्या नव्हत्या. गॅलरीत बसून खाली उल्काताईंशी खिडकीतून गप्पा मारायच्या, तेवढंच त्यांचं जग. त्यांना लिफ्ट हवी होती आणि का हवी असू नये? शेफालीला रडू यायचं ते याचंच. भांडायला समोर कोणी वाईट माणूसही नव्हता. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्ही तिनंच खणलेली.

पुढच्या सभा एकामागून एक होत गेल्या आणि तिच्या मनात एकच आशा उरली, की कोणीतरी दुसरा फाटा फोडेल. पण फोडणार कोण? सगळ्यांना तिनंच शहाणं करून ठेवलं होतं. कंपनीत ती ज्याला आदर्श सभा म्हणायची, त्या आदर्श सभेत तिची स्वतःची आई पायरी पायरीनं घराबाहेर निघाली होती, आणि दर पायरीला टिंग करणारी हीच. याला म्हणतात आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणं.

शेवटच्या सभेचा रविवार उजाडला. आज ठराव. नंतर करार, नंतर घरं रिकामी. उल्काताई आंघोळ करून नेहमीसारख्या खिडकीपाशी बसल्या. खिडकीची काच अर्धी उघडी होती. पलीकडं हातभर अंतरावर पार्किंग, खुर्च्या, लोक. शेफालीनं घंटा उचलली आणि बाहेर गेली.

खासनिसांनी ठराव वाचला. वाचून झाल्यावर विचारलं की कोणाला काही म्हणायचंय का. कोणालाच नव्हतं. पुनर्विकासाच्या ठरावाला चित्रीकरण लागतं म्हणून बोलावलेला व्हिडिओवाला कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर फिरवत होता आणि प्रत्येक जण त्याच्याकडं बघून शहाण्यासारखा बसला होता. इतकी शांतता की वरच्या गॅलरीत अमिनाबींची खुर्ची करकरली तीही ऐकू आली.

मग नाना उठले. खासनिसांनी डोळे मिटले. शेफालीला मात्र आयुष्यात पहिल्यांदा नाना उठल्याचा आनंद झाला.

नानांनी म्हैस बांधली. जिथं खासनीस साहेब बसल्यात तिथं गोठा हुता, वगैरे. गोठ्याशेजारी विहीर. विहीर बुजवली तेव्हा वडील दोन दिवस जेवले न्हाईत. शेफाली मनात म्हणत होती, बोला नाना, पुरापर्यंत जा, कोयनेच्या भूकंपापर्यंत जा. मोबाइलवर दोन मिनिटं संपली. तिनं बोट हलवलं नाही.

नाना म्हणत होते, "तर मागं मी उल्काताईंना इचारलं, म्हनलं ताई, ही बिल्डिंग पाडली तर..."

"शेफाली," खासनीस म्हणाले, "वेळ झाली."

सगळे तिच्याकडं पाहू लागले. कॅमेराही वळला. आणि सवय म्हणा, भीती म्हणा, आईची ताकीद म्हणा, तिचं बोट खाली गेलं.

टिंग.

नाना वाक्याच्या मधोमध थांबले. "नेम म्हंजे नेम," म्हणाले आणि बसले.

ज्या एका माणसाच्या तोंडून तिच्या घराचं नाव निघणार होतं, त्याचं तोंड तिनं स्वतः बंद केलं होतं. खासनीस म्हणाले, ठरावाच्या बाजूनं हात वर करा. एकेक हात वर जाऊ लागला. सेक्रेटरीनं मोजायचे होते. ती मोजायला उभी राहिली आणि मोजेनाच. तिला वाटलं, आत्ता बसलो तर आईला खुर्चीत बसवून आपण मोकळे झालो.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही आईला काय विचारलंत?"

खासनीस म्हणाले की हे विषयपत्रिकेत नाही. ती म्हणाली, नाहीये. ते म्हणाले की मतदान चालू आहे. ती म्हणाली, हो, चालू आहे. मग तिनं टेबलावरची घंटा उचलली, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

नाना सावकाश उठले. रागावलेले नव्हते, थोडे ओशाळलेले होते.

"पोरी, तीन सभा झाल्या, मी तेच इचारायला उठतुया," ते म्हणाले. "ताई म्हनल्या, नाना, माझं नाव घिऊ नका, पन बिल्डरला एवढं इचारा, नव्या घरात ओटा कुठल्या हाताला येनार. आता मला सरळ बोलायला येत न्हाई. मी म्हशीपासनं निघतो. आन तिथवर पोचायच्या आत तुझी घंटा वाजती."

कोणी हसलं नाही. शेफालीला वाटलं, जमीन दुभंगावी. तीन सभा. तिनं तीन वेळा आपल्याच आईच्या तोंडावर टिंग केलं होतं.

"आन आज ताईंचं नाव घेतलं मी," नाना म्हणाले, "ते चुकलं. पन न्हाई घेतलं तर पुन्हा घंटा, म्हनून घेतलं."

मग जे सुरू झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. हमीदभाई म्हणाले की ओट्याचं कशाला, तीन वर्षं राहायचं कुठं ते तरी कोणाला माहीत आहे का. त्यांना पहिल्या मजल्यावरचं भाड्याचं घर कोणी देत नव्हतं, आडनाव विचारून फोन ठेवत होते. हे ते पहिल्यांदाच बोलले. इतके दिवस का नाही बोललात, असं कोणीतरी विचारलं, तर म्हणाले, विषयपत्रिकेत हा विषय कुठला म्हणून लिहू? कोणीतरी नानांना म्हणालं, तुमची म्हैस आज कामाला आली. नाना म्हणाले, ती गाभण हुती. हशा पिकला. दोघे एकाच वेळी बोलू लागले, मग चौघे, मग कोण कोणाला उत्तर देतंय ते कळेना. शेवग्याची फांदी निघाली. जुनी उणीदुणी निघाली. ज्यांचे हात वर होते त्यांनी ते कधी खाली घेतले, त्यांनाच ठाऊक नाही.

आणि त्या गोंगाटावर वरून आवाज आला. अमिनाबी गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या होत्या, गुडघ्यांना न विचारता.

"खासनीस साहेब, लिफ्ट मला पाहिजे," त्या म्हणाल्या. "माझ्याइतकी गरज कोणालाच नाही. पण तीन वर्षं उल्काबाई कुठं जाणार, ते आधी सांगा. मी रोज विचारते तर ती विषय बदलते. आज तुमचा आवाज वर आला म्हणून बोलते. इतके दिवस तुमच्या सभेत मयत झाल्यासारखं वाटायचं."

खासनिसांनी समोरच्या ठरावाच्या कागदाची घडी घातली.

"शेफाली," ते नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "इतिवृत्तात लिही. आजच्या सभेत काहीही ठरलं नाही." मग म्हणाले, "आणि नकाशे घेऊन बिल्डरला पुढच्या रविवारी इथं बोलाव. त्याला म्हैस ऐकू दे."

लोक खुर्च्या उचलून पांगले, तरी जिन्यात बोलणं चालूच होतं. शेफाली मात्र घराच्या दाराशी घुटमळली. किल्ली हातात होती, पण लावायचा धीर होईना. आईनं बजावलं होतं, नाव निघता कामा नये. नाव नुसतं निघालं नव्हतं, तीन मजले फिरून आलं होतं. ते तिनं काढलं नव्हतं. पण घंटा मात्र तिनंच पर्समध्ये टाकली होती, आणि आईच्या कानांपासून ते लपलं असणार नाही.

ती आत गेली. उल्काताई खिडकीपाशीच होत्या. शेफाली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि गुन्हेगारासारखी म्हणाली की मी तुझं नाव घेतलं नाही, नानांनी घेतलं.

"खासनीस आज जिन्यापाशी बसले होते," उल्काताई म्हणाल्या. "नेहमी खांबाला टेकतात. हमीदभाई त्यांच्या मागं, दोन खुर्च्या सोडून. सर्दी झालीय त्यांना. नाना उभे राहिले तेव्हा चप्पल शोधत होते पायानं."

शेफालीनं पर्स खाली ठेवली.

"तुझी घंटा आल्यापासून मला बाहेर कोण आहे तेच कळत नव्हतं गं. नुसते खासनीस वाचायचे आणि मग टिंग. वाटायचं, एकजात सगळे तयार आहेत. मी एकटी आडवी कशाला येऊ? म्हणून म्हटलं, नाव नको."

"मग मला का नाही सांगितलंस?" शेफालीनं विचारलं. "नानांना सांगितलंस. मला का नाही?"

उल्काताईंनी हात पुढं करून तिचं मनगट चाचपलं आणि धरलं.

"तुलाच आधी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "ओटा कुठल्या हाताला येईल म्हणून. तू गप्प बसलीस."

शेफाली खाली फरशीवर बसली आणि आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, चांगली मोठ्यानं रडली. उल्काताईंनी तिला रडू दिलं. बाहेर पार्किंगमध्ये नाना अजून कोणाला तरी विहीर सांगत होते आणि ऐकणारा सुटायला बघत होता. इमारत आज ना उद्या पडणार होती, हे दोघींनाही माहीत होतं. अमिनाबींचे गुडघे काही थांबणार नव्हते.

रडणं ओसरल्यावर शेफालीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "उजव्या हाताला. ओटा उजव्या हाताला येतो आई. न्हाणीघर दुसऱ्या टोकाला. घर सातव्या मजल्यावर. मला हे सगळं केव्हापासून माहीत होतं."

"हं," उल्काताई म्हणाल्या. बराच वेळ त्या आपला उजवा हात हवेत धरून बसल्या, पुढं काही आहे का ते बघितल्यासारखा. मग त्यांनी तो खाली घेतला. "मला जमेलसं वाटत नाही गं. पण हे आता मी स्वतः सांगेन. पुढच्या रविवारी माझी खुर्ची बाहेर ठेव, नानांच्या शेजारी. आणि ती घंटा आण इकडं."

शेफालीनं पर्समधून घंटा काढून दिली. उल्काताईंनी ती दोन्ही हातांत फिरवली, बोंड चाचपलं, पण दाबलं नाही. मग उठल्या, कपाटाच्या कडेवरून हात फिरवत स्वयंपाकघरात गेल्या आणि रबर बँड असलेल्या डब्याशेजारी ती पालथी घालून ठेवली. चहाचं आधण चढवताना त्यांनी तिथूनच विचारलं, दूध आणलंयस का, आणि शेफालीनं न थांबता उत्तर दिलं.